जमाखर्चाच्या वहीची मागची पानं

अल दूरच्या धक्क्यावर

बोट लहानच.
आठ माणसं, बर्फाच्या दोन पेट्या,
एक बकरी. ती कुणाची, कुणी सांगेना.
नाखुदा ईसा सगळ्यांच्या चपला मागून घेतो,
टोपलीत टाकतो.
आमच्याकडे नाखवा म्हणतात, मी सांगते.
तो शब्द तोंडात घोळवतो
खारकेची बी घोळवावी तसा,
थुंकत नाही.

पाणकावळे

आधी वास आला.
मग बेट काळं दिसलं.
मग ते काळं उठलं.

सोळा वर्षं मुहर्रकच्या शीतगृहात
मी पेट्या मोजते: हामूर, शेरी, साफी.
सवयीने बोट पुढे केलं,
साठाव्या पंखापाशी हात टेकले.
खाली खडकावर एक पिल्लू
आईच्या घशात मानेपर्यंत शिरलेलं,
मी रांजणात डोकं घालून
स्वतःलाच हाक मारायचे, तसं.

गादा

इंजिनवाला दावूद मुकादम, हर्णैचा,
‘गादा! गादा!’ ओरडला.
मान वळवेपर्यंत
पाण्यावर नुसतं वर्तुळ.
काय दिसलं ते मला दिसलं नाही.
पण इतक्या लांब
डॉल्फिनला कुणी गादा म्हणालं,
तेवढं ऐकलं.

साप

पिवळा, काळा, पिवळा, काळा.
ईसाच्या नातवाने गळाची काठी पुढे केली.
ईसाने नातवाच्या हातावर चापट दिली
आणि सापाला अरबीत काहीतरी समजावलं.
सापाने ऐकलं.
नातवाचं अजून ठरत नव्हतं.

बकरी पहारेचौकीच्या बेटावर उतरली.
शिपाई तिला नावाने हाक मारत होता.

कैकराचं घरटं

जमिनीवरच. इथे झाड कुठलं?
काटक्या कमी,
निळी नायलॉनची दोरी, माशाचा मणका,
बाहुलीचा एक हात,
कुठल्याशा जहाजावरून पडलेला मोजा.
मधोमध दोन अंडी, मातकट ठिपक्यांची.
कैकर वर घिरट्या घालत शिव्या देत होता.
खरं होतं त्याचं.
बिऱ्हाड कशाकशाचं केलंय
हे परक्याने वाकून बघू नये.
माझ्या खोलीतला पडदा
मेलेल्या शेजारणीच्या साडीचा आहे.

समुद्रगाय

ईसाने इंजिन बंद केलं
आणि बोटभर माणसं एकदम गप्प झाली,
आजाऱ्याच्या खोलीत होतात तशी.
पाणी हिरवट, उथळ. खाली गवत.
मग एक करडी पाठ.
मग तिच्यामागे, जरा डावीकडे, दुसरी.
मग ‘फूऽऽ’ असा श्वास,
दळून उठलेल्या बाईचा असतो तसा.

बगर अल-बहर, ईसा म्हणाला.
समुद्रगाय, मी.
एकच की, दावूद म्हणाला, आणि बिडी विझवली.

एक वासरू आईच्या पाठीमागे चिकटून,
ती वळली की वळणारं,
ती खाली गेली की क्षणभर गोंधळणारं.
अकरा, बारा, मी पुटपुटत होते,
चौदा, की हीच मघाची,
तेव्हा ईसाने माझं बोट खाली केलं.
चरतायत, म्हणाला. मोजू नकोस.

जेवणाऱ्याच्या भाकऱ्या मोजू नयेत,
हे मला कुडाळात शिकवलेलं.
याला कुणी सांगितलं?

पुढे किती आल्या
माहीत नाही.

रात्र, किनाऱ्यावर

फोनला रेंज नाही. मुलीचा पेपर कसा गेला
ते उद्या कळेल.
काळोखात रोहित बडबडतायत,
लग्नघरात मागच्या खोलीत बायका बोलतात तसे:
सगळं ऐकू येतं, एक शब्द लागत नाही.

पहाटे

ओहोटीत शंभरेक गुलाबी पाय.
डोकी सगळी पाण्यात, उलटी.
दावूद म्हणतो, चष्मा शोधतायत.

निघताना

बोटीचे पंचवीस दीनार,
पाणी दीड, नातवाला चॉकलेट अर्धा.
पुढचा रकाना भरता येईना,
वही मिटली.

टोपली रात्रभर वाळूवरच राहिलेली.
माझ्या डाव्या चपलेत
एक शंखवाला खेकडा,
अंगठ्याच्या जागी, नीट बसलेला.
ईसा हाक मारतोय, पाणी उतरतंय.
मी उकिडवी बसून.
खेकडा एक पाय बाहेर काढतो,
आत घेतो.